दाजींचा दम

स्वतःच्या लग्नात स्वतःच बँड वाजवणारा नवरदेव मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझ्या ताईचा नवरा. वरात आमच्या दाराशी आली तेव्हा दाजी घोड्यावर होते आणि पुढे त्यांच्याच बँडची पोरं वाजवत होती. मास्तर घोड्यावर बसलेले बघून पोरांची तारांबळ उडाली असावी, कारण सूर भलतीकडेच चालले होते. दाजींनी थोडा वेळ सोसलं. मग खाली उतरले, एका पोराच्या हातातला ट्रम्पेट घेतला, मुंडावळ्या कानांमागे सारल्या आणि वाजवायला लागले. आमचे बाबा मंडपाच्या दारात डोक्याला हात लावून उभे राहिले. आत ताईच्या हातात चुडा भरत होते. तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. पण सूर सरळ झाला तशी ती मला हळूच म्हणाली, "आता ते वाजवतायत बघ." तिने त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तेही पोहे देताना, मान खाली घालून.

दाजींचा दम लांब होता. कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या बँडवाल्यांत ते बोललं जायचं. गल्लीच्या तोंडाशी धरलेला सूर ते मंडपापर्यंत चालत न्यायचे, मध्ये श्वास कुठे घेतला ते कळायचं नाही. दुसऱ्या वाजवणाऱ्यांचे गाल टम्म फुगायचे, लहान मुलं ते बघून हसायची. दाजींचे गाल कधी फुगले नाहीत. "गालात काय असतं, लाळ असते," ते पोरांना सांगायचे. "वारा पोटातून काढा." रस्त्याने जाताना एखाद्या लग्नात दुसऱ्याचा बँड वाजत असला की ते थांबायचे, ऐकायचे, आणि वाजवणारा चांगला असला तर जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून यायचे. वाईट असला तर गप्प पुढे निघायचे. वाईट वाजवणाऱ्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत.

त्यांचं घर विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे, बैठ्या चाळीत होतं. दोन खोल्या, वर पत्रे. पुढच्या खोलीच्या भिंतीला ट्रम्पेट आणि क्लॅरिओनेट टांगलेले, कोपऱ्यात ढोल. लग्नसराईत चाळीच्या सगळ्या दोऱ्यांवर लाल कोट वाळत असायचे. ते कोट ताई धुवायची, आणि चिंच नि राख घेऊन पितळेची वाद्यं घासायलाही तीच बसायची. वाद्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला दाजींना खपायचा नाही, पण ताईने घासलेला ट्रम्पेट ते उन्हात धरून फिरवून फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "सोनाराच्या घरात जन्मायला पाहिजे होतीस तू." आमचे बाबा मिठागरावर कामाला होते. ताईचं अर्धं बालपण फावड्याने मीठ ओढण्यात गेलेलं. असलं काही तिला आधी कुणी म्हटलंच नव्हतं.

मी दहावी झाले आणि दाजी आमच्या घरी येऊन बाबांना म्हणाले, हिला वागळे इस्टेटमध्ये काम मिळतंय, माझ्याकडे राहील, पाठवा. बाबा नाही म्हणाले. दाजी पुढच्या रविवारी पुन्हा आले. तेव्हाही बाबा नाही म्हणाले. तिसऱ्या रविवारी बाबांनी कंटाळून मला पाठवलं. रेडिओचे सुटे भाग जोडायचं काम होतं. संध्याकाळी घरी आले की दाजी विचारायचे, "काय शारू, आज कुणाला बोलतं केलं?" मी सांगायचे, आणि ते खरंच ऐकायचे. माझ्या बोलण्याकडे लक्ष देणारा मोठा माणूस मला पहिल्यांदा त्या घरात भेटला. म्हणून पुढचं सांगताना मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

खोकला त्यांना पावसाळ्यानंतर लागला. आधी कुणी लक्ष दिलं नाही. वाजवणाऱ्याचा घसा, मंडपातली धूळ, रात्रीची जागरणं, खोकला यायचाच. ताईने अडुळशाचा काढा केला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली, इंजेक्शन दिलं. चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. जेवण कमी झालं. एके दिवशी ताई दाजींचा लाल कोट घेऊन दोन्ही बाजूंनी शिवण आत घेत बसलेली मी पाहिली. दिवाळीनंतर तिने तो कोट पुन्हा उसवला आणि आणखी आत घेतला.

सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर आमच्या चाळीत लसीकरणासाठी यायची. उंच, सावळी, भराभर चालणारी बाई. तिने दाजींचा खोकला बाहेरूनच ऐकला आणि दारात येऊन विचारलं, किती आठवडे झाले? दाजींनी हसून सांगितलं, धंद्याचा खोकला आहे. ती हसली नाही. तीन आठवड्यांवर खोकला राहिला की बेडका तपासून घ्यायचा, दवाखान्यात फुकट तपासतात, टीबी निघालाच तर औषधही तिथेच मिळतं आणि माणूस बरा होतो, असं तिने सांगितलं. टीबी हा शब्द तिने अगदी साध्या आवाजात उच्चारला. आमच्या चाळीत तो शब्द कुणी मोठ्याने बोलत नसे. ती गेल्यावर दाजींनी दार लोटून घेतलं.

ताईने त्यांना विनवलं. मीही म्हटलं, दाजी, नुसतं तपासायला काय जातंय. त्यांनी लोटलेल्या दाराकडे एकदा बघितलं. मग जे बोलले ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं.

"अगं, लग्नाच्या दारात क्षयाचा बँड कोण उभा करील? मी त्या दवाखान्याच्या रांगेत दिसलो की संपलं. माझं नाय, दहा पोरांचं. अक्षय्य तृतीया होऊ दे. सराई संपली की जातो, तुझी शपथ."

यात खोटं काही नव्हतं. ती भीती खरीच होती, पुढे ती जशीच्या तशी खरी ठरली. अक्षय्य तृतीयेनंतर लग्नं विरळ होत जातात, मग पावसाळा, मग बसूनच राहायचं. त्यांना फक्त तेवढा वेळ हवा होता. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू झाल्या आणि दाजी खोकत खोकत वाजवत राहिले. लांब सूर मात्र त्यांनी आता क्लॅरिओनेटवाल्याला देऊन टाकले होते.

त्याच हिवाळ्यात ताई बाळंत झाली. मुलगी. दाजींनी तिचं नाव मीना ठेवलं. ताई गरोदरपणातच वाळली होती, पण बायका म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, पोर सगळं ओढून घेतं. बाळंतपणानंतर ती भरेल असं सगळ्यांना वाटलं. ती भरली नाही. तीही खोकायची. पण घरात खोकणारा माणूस ठरून गेला होता आणि तो दाजी होता. ताई खोकली की तो चुलीचा धूर असायचा, नाहीतर शेगडीचा, नाहीतर बाळंतिणीला लागलेला वारा. ती पदर तोंडाला लावून खोकायची, आवाज न करता. मी तिच्याशेजारी झोपायचे. मला ऐकू यायचं, पण मला वेगळं काही सुचलं नाही. आम्हा कुणालाच सुचलं नाही.

चैत्रात माजिवड्याला एक लग्न होतं. भर दुपारची मिरवणूक. दाजी वाजवत होते आणि मध्येच त्यांनी ट्रम्पेट तोंडापासून काढून बाहीला पुसला. कोट लाल असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. त्यांना दिसलं. त्यांनी ट्रम्पेट शेजारच्या पोराकडे दिला, रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि मिरवणूक पुढे जाऊ दिली. अर्ध्यात सुपारी सोडण्याची त्यांची ती पहिली वेळ. घरी आले आणि ताईला म्हणाले, "उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ." अक्षय्य तृतीया अजून पुढे होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर खाडा केला आणि आम्ही तिघं, तान्ह्या मीनाला घेऊन, दवाखान्यात गेलो. मला वाटलं होतं आत काहीतरी भयंकर असेल. होती एक खिडक्या सताड उघड्या असलेली खोली, बाकं, आणि बाकांवर आमच्यासारखीच माणसं. एक रिक्षावाला, एक शाळेतली मुलगी, एक चांगल्या घरातली दिसणारी म्हातारी. आमची ती उंच सिस्टर टेबलाशी होती. तिने दाजींना ओळखलं, पण एवढे दिवस कुठे होतात म्हणून विचारलं नाही. झाकणाची छोटी डबी हातात दिली आणि समजावलं, थुंकी नको, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून काढा, बाहेर मोकळ्या हवेत जा. आज एकदा, उद्या सकाळी उठल्या उठल्या घरी एकदा, आणि ती डबी घेऊन याल तेव्हा पुन्हा एकदा.

दाजी मागच्या झाडाखाली गेले. सिस्टर ताईला विचारत होती की घरात आणखी कोण खोकतं. ताई म्हणाली कुणी नाही, आणि तेवढ्यात तिला उबळ आली. तिने पदर तोंडाला लावला. सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. खोकला थांबल्यावर तिने फक्त विचारलं, "कधीपासून?" ताई म्हणाली, धुराने होतं. सिस्टरने दुसरी डबी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

दोघांच्याही बेडक्यात जंतू सापडले. छातीचे फोटो काढले. दाजींच्या एका बाजूला डाग होता. ताईच्या दोन्ही बाजू पोखरल्या होत्या.

डॉक्टर तरुण होते, थकलेले, पण त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. हा पापाचा आजार नाही, घराण्याचा नाही, उष्ट्या भांड्यातून येत नाही. आजारी माणूस खोकतो, हवेत जंतू उडतात, बंद खोलीत शेजारी झोपणाऱ्याच्या छातीत ते जातात. औषध सुरू झालं की काही दिवसांत तो धोका कमी होतो. पण बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही, सांगू तोवर घ्यायचं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, माझ्याकडून हिला गेला का? डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. हिचा आजार जुना दिसतोय, कदाचित हिलाच आधी झाला असेल, कदाचित दोघांनाही तिसऱ्याच कुणाकडून. दाजींनी मान हलवली. पण त्यांनी ते मानलं नव्हतं हे मला तेव्हाच त्यांच्या तोंडावर दिसलं.

माझाही बेडका तपासला. मी निरोगी निघाले. मीनाला रोज गोळीची पूड करून द्यायची ठरली, तिला होऊ नये म्हणून. अंगावरचं दूध तोडू नका, फक्त आईने तोंडाला फडकं बांधून पाजायचं, असं सिस्टरने सांगितलं. ताई दाजींच्या जुन्या धोतराची फडकी करून तोंडाला बांधायची. मीना दूध पिता पिता हात वर करून ते फडकं ओढायची. ताई हळूच तिचा हात खाली घ्यायची, ती पुन्हा ओढायची. तिला आईचं तोंड बघायचं असायचं.

दोघंही रोज सकाळी अनशापोटी कॅप्सूल घ्यायचे आणि दवाखान्यात इंजेक्शनला जायचे. लघवी तांबडी होईल, घाबरू नका, असं आधीच सांगितलेलं असूनही दाजी पहिल्या दिवशी पांढरेफटक होऊन बाहेर आले होते. ताई त्यांना हसली. त्या दिवसांत ती हसलेली मला एवढीच आठवते. हळूहळू दाजींचा ताप उतरला, त्यांना भूक लागायला लागली. ताईचं ताट मात्र तसंच राहायचं. दाजी स्वतःच्या अंगावर मांस चढताना बघायचे आणि त्यांना त्याची शरम वाटायची. एकदा जेवता जेवता ते उठून गेले. ताई त्यांच्या मागे गेली आणि म्हणाली, "तुम्ही जेवलात तर मला बरं वाटतं. बसा."

याच काळात त्यांनी बँडच्या पोरांना रुळांच्या कडेच्या मैदानात बोलावलं, जिथे ते दुपारी रियाज करायचे, आणि सगळं सांगून टाकलं. मी दूर उभी होते. आपण एका टेम्पोत दाटीने बसतो, एका खोलीत झोपतो, मी तुमच्यात खोकलो आहे, उद्या सगळ्यांनी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं, असं ते म्हणाले. पोरं खाली बघत राहिली. दोघं तिथूनच उठून गेले आणि परत कधी आले नाहीत. बाकीचे आले. साईड ड्रम वाजवणाऱ्या बाळूला निघाला, अगदी सुरुवातीचा. तो औषध घेऊन ठणठणीत झाला. आज त्याला नातवंडं आहेत.

पण बातमी फुटली. ज्यांनी सुपारी दिली होती त्यांनी निरोप पाठवले, कुणी नम्रपणे, कुणी तोंडावर. एका वधूपित्याने सांगितलं की आमच्या मुलीच्या पाठीमागे ती हवा नको. पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत बँड उरला नाही. पोरं दुसरीकडे पांगली. दाजींनी वाद्यं बाळूला दिली आणि भिंतीवरचे खिळे तेवढे ठेवले.

ताई त्याआधीच गेली होती. श्रावणात तिचा श्वास लागायला लागला, तिला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे ती थोडेच दिवस होती. शेवटी शेवटी तिला बोलताना धाप लागायची, म्हणून ती दोन-दोन शब्द बोलायची. दाजी कॉटशी बसून तिचा हात धरून पुन्हा तेच म्हणत होते, माझ्यामुळे झालं, मी थांबायला नको होतं. ताईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "कुणी कुणाला दिला... ते शोधू नका. मीनाला... पूड देताय ना?" दाजी म्हणाले देतोय. ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मीना तेव्हा नुकती बसायला लागली होती.

आमच्याकडे अशा वेळी एक बोलणं ठरलेलं असतं. दिवस झाल्यावर दाजींची आई आणि आमचे बाबा ओसरीवर बसले आणि ठरवून टाकलं. पोर लहान आहे, सावत्र आई आणण्यापेक्षा मावशी बरी, शारू तिथे राहिलेलीच आहे. मला कुणी विचारलं नाही. मी आत मीनाला मांडीवर घेऊन बसले होते. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, मीनासाठी म्हटलं असतं. दाजींना बोलावून सांगितलं. ते उभ्यानेच म्हणाले, "तुमची एक मुलगी मी नेली. दुसरी नेणार नाय. शारूने कामावर जावं, तिच्या मनाने लग्न करावं." त्यांची आई रडली, बाबा चिडले. दाजी बसलेदेखील नाहीत.

पुढे मला स्थळं यायला लागली तेव्हा त्यांनी आणखी एक केलं. डोंबिवलीचं एक चांगलं स्थळ जवळजवळ जमलं होतं. साखरपुड्याच्या आधी दाजी स्वतः त्या घरी गेले आणि सांगून आले की हिच्या बहिणीच्या घरात टीबी होऊन गेलाय, ही तिथे राहिलेली आहे, हिची तपासणी झाली आहे आणि ही निरोगी आहे. स्थळ मोडलं. बाबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मीही रागावले, रडले. दाजी मला म्हणाले, लपवून गेलीस तर जन्मभर खोकायला भिशील. पुढच्या स्थळाकडेही ते तसेच जाऊन सांगून आले. तो मुलगा म्हणाला, मग अडचण काय आहे? त्याच्याशी माझं लग्न झालं. माझ्या वरातीत दुसऱ्यांचा बँड होता, आणि दाजी गर्दीच्या मागे, हातात मीनाला घेऊन, खाली मान घालून ऐकत उभे होते.

औषधं पुरी झाली, बेडका स्वच्छ झाला, दाजी बरे झाले. डॉक्टर म्हणाले की टीबी गेला, पण खाल्लेलं फुप्फुस परत येत नाही. बाळूने एकदा मोठ्या हौसेने ट्रम्पेट आणून हातात दिला. दाजींनी आत वारा फुंकून तो तापवला, ओठांना लावला. सूर निघाला, थोडा चालला आणि तुटला. ते ट्रम्पेट पुसून परत देत म्हणाले, "आता तूच वाजव." तेव्हा आपल्या भागात बेंजो पार्ट्यांचा जमाना आला होता, हळदीला बेंजोशिवाय कुणाचं पान हलत नसे. बेंजोला दम लागत नाही, बोटं लागतात. दाजी चाळिशीच्या घरात नव्याने बोटं बसवायला शिकले आणि एका पार्टीत वाजवायला लागले. पोट भरलं, मीनाची शाळा झाली. पण मी त्यांना बेंजो वाजवताना बघायला कधी गेले नाही. त्यांनीही कधी बोलावलं नाही.

त्यांचा कान मात्र तसाच होता. फक्त आता तो खोकला ऐकायचा. हळदीच्या मांडवात, बाजारात, रांगेत, कुठेही कोरडा, खोल खोकला ऐकला की ते त्या माणसाजवळ जाऊन बसायचे. आधी गावाचं, शेतीचं, मुलाबाळांचं विचारायचे. मग म्हणायचे, खोकला किती दिवसांचा? लोक वैतागायचे. विठ्ठलवाडीच्या बाजारात एका मासेवाल्या बाईने भर बाजारात त्यांना शिव्या घातल्या, मला क्षय झालाय म्हणतोस काय मेल्या, उद्या माझे मासे कोण घेईल? दाजी ऐकून घेत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, मासे घेतले, आणि तिला आपली गोष्ट सांगितली. तुझी भीती खरी आहे, असं ते तिला म्हणाले. मीही याच भीतीने सराई संपायची वाट बघत बसलो होतो, आणि माझी बायको गेली. त्या आठवड्यात ती बाई त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. तिला काही निघालं नाही, साधा दमा होता. तिने पुढे कितीतरी वर्षं त्यांना वाट्यात दोन मासे जास्त घातले.

ही गोष्ट ते प्रत्येकाला सांगायचे, आणि प्रत्येक वेळी त्यात दोष त्यांचाच असायचा. मला ते सोसायचं नाही. मीना मोठी होत होती, तिच्यासमोरही ते तसंच बोलायचे. मी किती वेळा भांडले असेन. दाजी, डॉक्टर स्वतः म्हणाले होते की सांगता येत नाही. ताई म्हणाली होती शोधू नका. पोरीच्या डोक्यात कशाला भरवता? ते हसायचे, चहा पुढे करायचे आणि विषय बदलायचे. मला वाटायचं, त्यांना स्वतःला शिक्षा करायची सवयच लागली आहे.

नव्वदचं दशक संपत आलेलं असताना एका थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. धड उरलेल्या फुप्फुसात झाला. मीनाने फोन केला, मी सासरहून निघाले आणि पोचेपर्यंत ते बोलायचे थांबले होते. डोळे उघडे होते, छाती वरखाली होत होती, त्यांच्या त्या एवढ्याशा श्वासाचा आवाज सगळ्या वॉर्डात ऐकू येत होता. मी आले म्हणून सांगितलं, तशी त्यांनी बोटं हलवली. संध्याकाळी बाळू आला, कॉटच्या पायथ्याशी बसून राहिला. अंधार पडायच्या आत सगळं संपलं.

मीना रडली नाही. तेराव्यापर्यंत पाहुण्यांचं चहापाणी तिनेच बघितलं. सगळे गेल्यावर आम्ही दोघी पुढच्या खोलीत बसलो होतो. मी तिला म्हटलं, तुझे बाबा उगाच जन्मभर स्वतःला कोसत राहिले बघ, त्यांना किती समजावलं मी.

ती म्हणाली, "मावशी, ते माझ्यासाठी तसं बोलायचे."

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. ती दुसरीत असताना आजी कशावरून तरी चिडून तिला म्हणाली होती, तुझ्या बाळंतपणात तुझी आई खंगली, तू आलीस आणि ती गेली. मीना दोन दिवस जेवली नव्हती. दाजींनी तिच्याकडून कारण काढून घेतलं, तिला समोर बसवलं आणि म्हणाले, तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे. मी वेळेवर तपासून घेतलं नाही, माझ्याकडून तिला झालं, डॉक्टरांनीच मला तसं सांगितलं. त्यानंतर ते तिच्यासमोर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिले, घरी, बाजारात, अनोळखी माणसांना, आणि सांगताना ती ऐकतेय ना, ते बघायचे.

किती वर्षं मी त्यांच्याशी यावरून भांडत होते.

"डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते का?" मीनाने विचारलं. "तू होतीस ना तिथे?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ती वीतभर असल्यापासून मी तिला ओळखत होते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "कुणाकडून कुणाला, ते कळत नाही म्हणाले. कदाचित ताईलाच आधी झाला असेल, म्हणाले. तुझ्यामुळे नाही, एवढं मला नक्की माहीत आहे. बाकी कुणालाच माहीत नाही."

मीनाने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे बघितलं.

"म्हणजे बाबांमुळेही नसेल," ती म्हणाली, आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदाच रडायला लागली.